रुक्मिणीबाईंची मोजणी

शैलाने बाटली स्टीलच्या ताटलीत उपडी केली आणि बोटाच्या टोकाने दोन-दोन गोळ्या बाजूला सारत मोजायला सुरुवात केली. शेवटची जोडी सारून झाल्यावर तिने पुन्हा एकदा, उलट बाजूने, सगळ्या मोजल्या.

"वीस," ती म्हणाली.

"बरोबर आलं का गं?" रुक्मिणीबाईंनी विचारले. ओट्याच्या कडेला बसून त्या मेथी निवडत होत्या, पण हात मघापासून थांबलेला होता.

"बरोबर आलं, मावशी."

रुक्मिणीबाईंचा जीव भांड्यात पडला. हात पुन्हा भराभर चालू लागले. शैलाचा जीव मात्र काही केल्या भांड्यात पडेना.

तीस गोळ्यांची बाटली. रोज सकाळी एक गोळी. ही तिसरी बाटली, तिच्यातले दहा दिवस गेले, वीस उरल्या. हिशेबात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आणि तरीही मघाशी काट्यावर रुक्मिणीबाई मागच्या मंगळवारपेक्षा अर्धा किलो उतरल्या होत्या, ताप शंभरावर होता, आणि थुंकीत क्षयाचे जंतू तिसऱ्यांदा सापडल्याचा कागद फायलीत होता. औषध वेळच्या वेळी पोटात जाते आहे आणि जंतू खुशाल नांदताहेत, हे गौडबंगाल तिला उमगत नव्हते. तसे गेल्या दहा आठवड्यांत तिला बरेच काही उमगेनासे झाले होते.

एकोणऐंशी सालच्या त्या हिवाळ्यात पिंपरीच्या हॉस्पिटलात एक नवी टूम निघाली होती. डॉक्टर डॉक्टरांत शिकतात, नर्सा नर्सांत, आणि मग जन्मभर एकमेकांशी नीट बोलत नाहीत, असे डॉ. अरुंधती मॅडमचे म्हणणे. म्हणून त्यांनी चार जागचे चार विद्यार्थी उचलून त्यांची एक टोळी केली. मुकुंद पुण्याचा, डॉक्टरकीचे शेवटचे वर्ष. गुरुदत्त औषधशास्त्राच्या पदविकेचा, बोलण्याआधी चष्मा पुसणारा. ज्योतीराम मावळातला, आरोग्य निरीक्षकाचे शिक्षण घेणारा; विहिरी, गटारे आणि चुलीचा धूर हा त्याचा प्रांत. आणि नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची शैला, दापोडीची, वडील वर्कशॉपमध्ये फिटर. दर मंगळवारी चौघांनी रहाटणीला एकाच घरी जायचे, एकाच रुग्णाला बघायचे. चौघांचा पांढरा कोट सारखा. शैलाने डोक्यावर टोपी घालायची नाही, मुकुंदने गळ्यात नळी अडकवायची नाही. चौघांत मिळून एकच कागद, त्यावर चार चौकोन: रोग, शुश्रूषा, औषध, परिसर. खाली चार सह्या आणि त्याखाली मॅडमची. चौघे सहमत झाल्याशिवाय काही ठरवायचे नाही.

ऐकायला हे सगळे फार छान होते. शैलाला तीन वर्षे शिकवले होते की डॉक्टर आत आले की उठून उभे राहायचे. आता सांगत होते, त्यांच्याच सतरंजीवर बसा आणि त्यांच्याशी वाद घाला. एकमेकांना नावाने हाक मारायची, असाही नियम होता. पहिल्याच दिवशी "सर" म्हणायला तोंड उघडले, ते तिने मध्येच आवरले, "मुकुंद" म्हणायला धीर झाला नाही आणि घाबरून तोंडातून निघाले, "अहो!" ज्योतीराम इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या दिवसापासून मुकुंदला काही सांगायचे झाले की शैला नुसती खाकरायची.

पण टोपी काढली म्हणून भीती जात नाही. दुसऱ्याच मंगळवारी गोळ्या मोजताना तेवीसच्या जागी पंचवीस निघाल्या होत्या. मॅडमनी तिला सगळ्यांदेखत, याच अंगणात, हापशापाशी उभे करून झापले होते. "रुग्णाने दोन दिवस औषध चुकवलं आणि तुम्हाला पत्ता नाही? पुन्हा मोजणीत फरक आला तर मी तुमच्या सिस्टर ट्यूटरना कळवणार. मग परीक्षेला कशा बसता ते बघू." मॅडम गेल्यावर शैला हापशाशी तोंड धूत राहिली होती. बराच वेळ. त्यानंतर एकदाही फरक आला नव्हता.

"मावशी," मुकुंद उठत म्हणाला, "आम्ही जरा तिकडे बसून लिहितो. अकराला मॅडम येतील."

"लिवा, लिवा. च्या टाकते." रुक्मिणीबाई थांबल्या. "मंग मला न्यायचं ठरलं म्हना की."

 ठरल्यातच जमा होते. औषध नियमित घेऊनही गुण नाही, म्हणजे जंतू या औषधाला दाद देत नाहीत. मग दुसरी, जहाल औषधे. ती घरी द्यायची नसतात. त्यासाठी सॅनिटोरियममध्ये राहायचे, निदान सहा महिने. चौघांच्या सह्या झाल्या की परवा गाडी न्यायला येणार होती.

"जाईन की," त्याच म्हणाल्या. "सा म्हैनं काय, बघता बघता जात्यात. पोराची, सयाजीची कंपनी हाय, सून हाय रानात. म्हस तेवढी माझ्याबिगार पान्हवत न्हाई." आणि त्यांनी मेथीची काडी मोडली, पाने खाली पाटीत टाकली आणि देठ हातात धरून बसल्या.

चौघे गोठ्यापलीकडे बाभळीखाली येऊन बसले. या मंगळवारी पुढारीपण शैलाकडे होते. म्हणजे आधी तिने बोलायचे आणि आधी तिने सही करायची. पण सवयीने कागद मुकुंदनेच मांडीवर घेतला आणि लिहायला लागला. "औषध नियमित. जंतू औषधाला जुमानत नाहीत. सॅनिटोरियमला पाठवावे." त्याचे अक्षर आत्तापासूनच कोणाला न लागण्यासारखे झाले होते. त्याने सही ठोकली.

"माझ्या बाजूनं काही राहिलं नाही," चष्मा पुसत गुरुदत्त म्हणाला. "गोळ्यांचा साठा खराब असेल म्हणून मी दोनदा बदलून आणला." त्यानेही सही केली.

"मी भिताडाला झरोका पाडून घेतला. धूर जातोय आता भाईर." ज्योतीरामने पेन हातात घेतले, क्षणभर घुटमळला आणि सही करून मोकळा झाला.

कागद शैलापुढे आला. तिच्या चौकोनात तिने दर मंगळवारी सुबक अक्षरात लिहिले होते: खोकताना तोंडावर पदर धरण्यास शिकवले. भांडी वेगळी केली. गोळ्या जुळल्या. गोळ्या जुळल्या. गोळ्या जुळल्या. काही खोटे नव्हते. मग हात का उचलला जात नव्हता, तेच तिला कळत नव्हते. ती पेनाचे टोपण काढत होती आणि लावत होती.

"कर ना सही," मुकुंद म्हणाला. "वाईट मलाही वाटतंय. पण सगळं समोर आहे."

शैला खाकरली.

"बोल."

"मावशी मला दर वेळी एकच विचारतात. बरोबर आलं का."

"मग?"

"आजारी माणूस विचारतं, मी कधी बरी होणार. वॉर्डात तर विचारून विचारून जीव नको करतात. मावशींनी हे एकदाही विचारलेलं नाही." शैला स्वतःच गोंधळून थांबली. यातून काय निघते, हे तिला ठाऊक नव्हते. "तुम्हाला कोणाला कधी काही विचारलंय का त्यांनी? आपण विचारलेलं नव्हे. त्यांनी आपण होऊन?"

गुरुदत्तने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मला एकदा विचारलं होतं. गोळ्या बाटलीतून काढून डब्यात ठेवल्या तर नासतात का. मी म्हटलं, कोरड्या जागी वर्षभर काही होत नाही. लिहिलंय मी ते. साठवणुकीची माहिती दिली, म्हणून."

"मला इच्चारलं न्हाई, सांगितलं," ज्योतीराम म्हणाला. "पयल्या आठवड्यात. गोळी घेतली की पोट ढवळतं, वकाऱ्या येत्यात, म्हशीपाशी हुबं राहवत न्हाई. पुन्यांदा इचारलं तर म्हनली, आता काय बी व्हत न्हाई. मला वाटलं, सवय झाली आसंल."

"आणि हे तू लिहिलं नाहीस?" मुकुंदचा आवाज चढला.

"कुठं लिवायचं? वकारी परिसरात येती व्हय? ती तुज्या चौकोनात."

 मुकुंदने खालची एक वाळकी काटकी उचलली आणि मोडत बसला. मग, कोणी विचारले नसताना, म्हणाला, "मला त्यांनी विचारलं होतं, मोजणी चुकली तर ती नर्स पोरगी नापास होते का."

"तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो. गमतीत."

  आता शैलाला कळले होते, आणि कळले नसते तर बरे झाले असते असे वाटत होते.

ती कागद तसाच टाकून ओट्यावर आली. रुक्मिणीबाई चुलीपाशी आधण ठेवून परत मेथीशी बसल्या होत्या. शैला शेजारी टेकली, अर्धी जुडी आपल्या मांडीवर ओढली आणि पाने खुडू लागली. बाकीचे तिघे अंगणात उभे राहिले.

"मावशी, डबा कुठाय?"

"कसला डबा?"

"गोळ्यांचा."

रुक्मिणीबाईंनी आधी ज्योतीरामकडे पाहिले, मग गुरुदत्तकडे, मग मुकुंदकडे. कोणी चुगली केली, ते शोधत असाव्यात. मग पदराला हात पुसून त्या आत गेल्या आणि मिसरीचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. तो शैलाच्या हातात न देता त्यांनी दोघींच्या मध्ये ठेवला.

"टाकवलं न्हाई," त्या म्हणाल्या. "औषीद हाय ते. कुनाच्या तरी कामी यील."

गुरुदत्तने पुढे होऊन डबा उघडला. त्याला राहवले नाही. तिथेच उकिडवे बसून त्याने गोळ्या मोजल्या. पासष्ट भरल्या. मुकुंदने मनात वजाबाकी केली असावी, कारण तो हळूच म्हणाला, "म्हणजे दहा आठवड्यांत पोटात पाच."

"त्या पाच बी वकून पडल्या," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"पण मावशी, का?" शैलाचा आवाज फुटला. "सांगायचं तरी! आम्ही दर मंगळवारी कशाला येतो मग?"

"सांगनारच व्हते. त्या दिशी तू मोजल्यास, दोन जास्ती निघाल्या, आन् डाक्टरीणबाईनं तुला किती बोल लावलं. चूक माजी आन् बोलनी तुला. हापशाशी रडत व्हतीस, ते बघितलं मी हितनं." त्यांनी शैलाच्या मांडीवरचा मेथीचा कचरा झटकला. "तवापासनं रोज सकाळी उठले की आदी एक गोळी काडून ह्यात टाकते. मंग म्हशीखाली बसते. एक बी दिस चुकले न्हाई. मोजनी कदी चुकली का, सांग."

"नाही चुकली," शैला म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागले होते आणि ते पुसायचेही तिला सुचत नव्हते.

"आणि तुम्ही परवा सॅनिटोरियममध्ये गेला असता," मुकुंद म्हणाला. "नको त्या औषधांसाठी. सहा महिने."

"गेले आसते. तितं मोजनाऱ्या दुसऱ्या आसत्याल."

तेवढ्यात वळणावर जीपचा हॉर्न वाजला. रुक्मिणीबाईंनी चपळाईने डबा उचलला आणि पदराखाली घेतला. "काय बी बोलू नगा," त्या कुजबुजल्या. "ताटलीत बरोबर हायती. करा सया."

डॉ. अरुंधती मॅडम आल्या त्या नेहमीसारख्या घाईत. अंगणातूनच त्यांनी कागदासाठी हात पुढे केला. कागद मुकुंदपाशी होता. त्याने तो दिला. मॅडमनी उभ्या उभ्या वाचला.

"तीनच सह्या. आज पुढारी कोण?"

"मी," शैला उभी राहिली.

"गोळ्या मोजल्या?"

"मोजल्या, मॅडम. वीस."

"जुळल्या?"

शैलाने रुक्मिणीबाईंकडे पाहिले. त्या तिला डोळ्यांनी खुणावत होत्या. हो म्हण. नुसते हो म्हणायचे, की परीक्षा, टोपी, दापोडीच्या घरी वडिलांनी तिच्या सर्टिफिकेटच्या फ्रेमसाठी भिंतीवर आधीच मारून ठेवलेला खिळा, सगळे जागच्या जागी राहणार होते. शैला खाली वाकली आणि रुक्मिणीबाईंच्या पदराखाली हात घालून तिने डबा काढून घेतला. त्यांनी आधी तो घट्ट धरला होता. मग सोडला.

"नाही जुळल्या, मॅडम. ताटलीत वीस आहेत. डब्यात पासष्ट."

मॅडमना काही कळले नाही. मग चौघांनी मिळून सांगितले. कोणाचे वाक्य कोणी पुरे केले, याचा मेळ नव्हता. ज्योतीरामने ओकाऱ्यांचे सांगितले, गुरुदत्तने डब्याचे. मुकुंदने आपण केलेली गंमतही सांगितली, जी सांगितली नसती तर चालले असते. मॅडमनी सगळे ऐकून घेतले. त्या रुक्मिणीबाईंकडे वळल्या.

"असं करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमीच की," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"मी?"

"पयल्या दिशी. हितंच हुबं राहून. ही एक टोळी हाय, म्हनालात. एकाचं चुकलं तर ते समद्यांचं चुकलं. एकमेकाला सांबाळून घ्या. मी तवा च्या देत व्हते समद्यास्नी."

"अहो, ते मी या चौघांना सांगत होते."

रुक्मिणीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब कुठे चुकला ते न कळल्यासारखे काहीतरी होते.

"आन् मी?"

 मॅडम हापशाकडे बघू लागल्या. बघता बघता त्या सावकाश ओट्याच्या पायरीवर, मेथीच्या कचऱ्यातच, बसल्या. दहा आठवड्यांत त्या या घरी बसल्या नव्हत्या.

"ओकारी कधी व्हायची?" त्यांनी विचारले. आवाज वेगळाच होता.

"गोळी घेतली की लगीच. सकाळी."

"आधी काय खाल्लेलं असायचं?"

"पाच वाजता काय खानार? भाकर व्हते धाला."

"मग गोळी पाचाला घ्या म्हणून कोणी सांगितलं?"

चौघांनी खाली पाहिले. गुरुदत्तने 'सकाळी' म्हटले होते. शैलाने 'सकाळी' म्हटले होते. रुक्मिणीबाईंची सकाळ किती वाजता होते, ते कोणाच्याच चौकोनात नव्हते.

"आज भाकरी झाली?"

"झाली मगाशी."

"मग घ्या बघू एक. ओकारी झाली तर आपण औषध बदलू. जहाल नको, दुसरं. पण झाली तर सांगायचं. मला नाही, तर हिला सांगायचं."

रुक्मिणीबाईंनी शैलाकडे पाहिले. "तुजं परीक्षेचं मारक गेलं का गं?" त्यांनी हळूच विचारले.

"माहीत नाही, मावशी."

"मंग कशापायी सांगितलंस?" असे पुटपुटत त्यांनी ताटलीतली एक गोळी उचलली, जिभेवर ठेवली, तांब्या वर धरून पाणी प्याल्या आणि तोंड उघडून दाखवले. मॅडमना नाही, शैलाला दाखवले.

शैलाने ताटली पुढे ओढली आणि उरलेल्या गोळ्या पहिल्यापासून मोजल्या. एकोणीस. मग मुकुंदने लिहिलेल्या तिन्ही ओळींवर तिने काट मारली. मारताना ती खाकरली नाही. "मुकुंद, हे पुन्हा लिहा," ती म्हणाली, "आणि लागेल अशा अक्षरात." त्याने मुकाट्याने लिहिले. तिच्या चौकोनात तिने लिहिले: गोळ्या जुळल्या नाहीत. आधीच्या तिन्ही सह्यांवरही काट मारून खाली पहिली सही तिने केली, मग बाकीच्यांनी.

मॅडमनी कागद घेतला. पेन उघडले.

"माजा आंगठा घेत न्हाई का?" रुक्मिणीबाईंनी विचारले. डावा अंगठा त्यांनी आधीच पुढे केलेला होता.

कागदावर आता एकच जागा उरली होती, मॅडमची. मॅडमनी त्या जागेकडे पाहिले. मग कागद त्यांनी ओट्यावर सरळ केला, रुक्मिणीबाईंच्या पुढ्यात सरकवला आणि त्या जागेवर बोट ठेवले.

"इथे," त्या म्हणाल्या.

शाईचा पॅड कोणाकडेच नव्हता. मॅडमनी आपल्या पेनातले दोन थेंब त्यांच्या अंगठ्यावर सोडले, आणि शैलाने ते बोटाने सगळीकडे पसरवले.